जावेचे पक्के दात

मंडळी, आज मी माझ्या धाकट्या जावेवर, सुनंदावर, लई जळले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या दोघींच्या जबड्याचं हाड इतकं झिजलंय की कवळीसुद्धा बसत नाही. अशा रुग्णांना गालाच्या हाडात लांब स्क्रू घालून पक्के दात बसवायचं संशोधन पुण्यात चाललंय, हे मीच शोधून काढलं. ओतूरहून जाताना सुनंदाला नुसती सोबत म्हणून नेलं. डॉक्टरांनी दोघींना तपासलं. माझी साखर जास्त निघाली आणि घेतलं तिला.

ऑपरेशन मागेच झालं होतं. आज ती कायमचे दात बसवून आली आणि ओट्यावर बसून भाजलेले शेंगदाणे खाऊ लागली. तो कुडुमकुडुम आवाज मला ऐकवेना. मी आत निघून गेले.

थोड्या वेळानं ती वाटीत बारीक कुटलेले शेंगदाणे घेऊन आली.

"ताई, साखर उतरली तर तुमालाबी घेतील. मी डॉक्टरांना इचारलंय."

"माझं मी विचारीन," मी म्हटलं.

ती वाटी ठेवून निघून गेली. मग मी ते कूट सगळं खाल्लं. चवीला चांगलं होतं, त्याचाही राग आला.

आपल्याच माणसाचं चांगलं झालेलं तुम्हालाही असं खुपतं का? आता संध्याकाळी तिच्याच शेजारी जेवायला बसायचंय. पहिलं काय बोलू?