पितळी बैठकीखालची टिंबं

खुर्ची पुढे केली की मामा म्हणायचे, "कशापायी बसू? काम उभं हाय." आणि यंत्राच्या पोटाखाली बोटं फिरवत राहायचे. "हाताला इचारा, सायेब." तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, ज्याच्या येरझाऱ्यांनी आपल्यालाच धाप लागते.

मामा बीडमधल्या तेलगावकडचे, साखर कारखान्यात तयार झालेले फिटर. मुंबईला आमच्या अणुभट्टीतलं न्यूट्रॉनचं एक जुनं यंत्र त्यांच्या ताब्यात होतं. भट्टीतून येणारे न्यूट्रॉन त्यातला एक स्फटिक वळवून नमुन्यावर पाडायचा. त्या स्फटिकाची पितळी बैठक नेमक्या कोनात बसावी लागे. मामा दर खंडेनवमीला तिच्या सांध्यावर कुंकू लावायचे आणि मी नाक मुरडायचो.

यंत्र दुसऱ्या जागी हलवायचं ठरलं, तसे मामा पंच-हातोडी घेऊन आले.

"खोलायच्या आदी दोनी भागावर टिंब मारावं लागतं, म्हंजी जोडताना बरूबर जुळतं. कारखान्यात आमी तसंच करतो."

"याला हातोडी लावायची नाही!" मी ओरडलो. वर ते कुंकूही स्पिरिटने पुसून घेतलं. शहाणा ना मी!

यंत्र खोललं आणि त्याच आठवड्यात मामा निवृत्त होऊन गावी गेले. नव्या जागी सगळं जोडलं, पण स्फटिकाचा कोन काही केल्या सापडेना. दिवस खुल्या बाजाराचे. वरिष्ठ म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत चाललं नाही तर भंगारात काढू. आता परदेशातून नवं मागवता येतं." माझी झोप उडाली. मी बीडची एसटी पकडली.

मामा अंगणात फेऱ्या मारत होते. मला पाहताच म्हणाले, "चालू झालं का?"

मी नाही म्हणालो आणि कुंकवाची माफी मागितली. मामांनी मान खाली घातली.

"म्याबी चोरी केली, सायेब. तुमी जेवायला गेलते तवा खालच्या अंगाला टिंबं मारली. सांगायचं भ्या वाटलं. जावा, हाताला इचारा."

परतलो, न्यूट्रॉनची झडप बंद केली आणि बैठकीखाली बोट फिरवलं. दोन टिंबं लागली. ती समोरासमोर आणली, झडप उघडली, तर कागदावर आलेखाचं उंच टोक उमटलं. कोन जुळला होता. मी चक्क रडलो. तो कागद मामांना पोस्टाने पाठवला.

वर्षभराने गेलो तेव्हा मामांना जाऊन महिना झाला होता. मामींनी पाणी दिलं आणि भिंतीकडे बोट केलं.

"ह्यो कागद आला त्या दिशी बसले बगा. लग्नापासून पैल्यांदा. दुपारभर बसले."

देवांच्या तसबिरींशेजारी माझा आलेख होता. त्याच्या टोकावर कुंकवाचं बोट टेकवलेलं होतं.