रंगवलेली खिडकी

इंग्लंडमधल्या या छोट्या गावात, लेकीच्या घरासमोर, आठवडी बाजाराच्या चौकात एक जॉर्जियन काळातलं, दोन-अडीचशे वर्षं जुनं विटांचं घर आहे. वर पाच खिडक्या. त्यातली एक कधीच उजळत नाही.

“आई, ती खोटी आहे,” लेक म्हणाली. “मागे भिंतच आहे. दर्शनी बाजू सारखी दिसावी म्हणून काचा नुसत्या रंगवल्यात.”

कुणासाठी हा मेला नीटनेटकेपणा?

जावई घर सोडून गेल्याचं मला इथं आल्यावर कळलं. तोवर दर रविवारी फोनवर ती हसून सांगायची, “तो आंघोळीला गेलाय.”

आज बहिणीचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. “जावईबापू दिसत नाहीत कुठं?”

समोर ती काळी खिडकी होती.

“बाजारात गेलेत,” मी हसून म्हणाले.

स्वयंपाकघरात कप विसळणारा लेकीचा हात थांबला.