खड्ड्यातलं मीठ

शेलार गावच्या केसरीनाथ वायरमनला विजेची भीती वाटायची, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. वीस वर्षं भिवंडीच्या लूमच्या कारखान्यांत चालू लाईनीत हात घालणारा माणूस तो! पण तारेतली वीज वेगळी, आभाळातली वेगळी. आभाळ गडगडलं की हा गडी हातातली पकड खाली ठेवून गुमान बसायचा. "ती आपलं ऐकणारी न्हाय," म्हणायचा.

त्याला कारण होतं. दोन हजार पाच साली डोंगराकडच्या कातकरी पाड्यावर लाईट नव्हती, म्हणून एका संस्थेनं तिथल्या सुईणीला, रंगूबाईला, सोलरचा दिवा दिला. पाड्यातली बाळंतपणं तिच्याच झोपडीत व्हायची. पॅनल बसवलं केसरीनाथनं, तेही लूमवरच्या घाईच्या सवयीनं. "अर्थिंग बघू मागाहून," म्हणाला आणि विसरला. परतीच्या पावसात शेजारच्या ताडावर वीज पडली. तिचा झटका पॅनलच्या वायरीतून आत शिरला, खालची चार्जिंगची डबी जळाली, दिवा फुटला. नेमकी तेव्हाच आत एक बाई अडलेली. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, तो अंधारात रंगूबाईला दिसला नाही. हाताला लागला तोवर उशीर झाला होता. म्हातारी केसरीनाथला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच त्याला खात राहिलं.

पुढच्या वर्षी संस्थेनं दुसरं पॅनल दिलं आणि हे शेवटचं, असं बजावलं. या खेपेला केसरीनाथनं काहीच मागाहूनवर टाकलं नाही. झोपडीपासून जरा लांब, उंच खांबावर टोकदार सळई लावली. तिथून जाड पट्टी जमिनीत नेली. पॅनलची चौकट त्याच खड्ड्याला जोडली. डबीत विजेचा जादा दाब शिरलाच तर तो परस्पर जमिनीत वळवणारा एक नगही बसवला. खड्डा पुरुषभर खोल. पण माती मुरमाड, कोरडी ठाक. तिच्यात वीज मुरायची कशी? ओल धरून ठेवायला कोळसा आणि मीठ पाहिजे. कोळसा पाड्यावरच्या जिव्यानं आपल्या भट्टीतला दिला. मीठ केसरीनाथनं घरून आणलं. आगरी माणूस, बापाचं खाडीकाठी मिठागर. तिथलं जाडं, मातकट मीठ.

तो ते खड्ड्यात ओतू लागला तशी रंगूबाई ओरडलीच. "अरं दादा, मीठ मातीत? वर गेल्यावर पापण्यांनी उचलाया लागतं, ठाव हाय ना?"

"ठाव हाय गं आये," केसरीनाथ हसला, आणि खड्डा बुजवून निघून गेला.

दसरा झाल्यावर तो वायरी तपासायला परत आला. जिव्याची सून सखी झोपडीत कळा देत होती. ऐन दुपारी आभाळ इतकं काळवंडलेलं की आत दिवा लावावा लागला होता. सखीची दृष्ट काढून रंगूबाई मुठीतलं मीठ चुलीत टाकायला बाहेर आली. केसरीनाथची नजर त्या मुठीवर गेली. जाडं, मातकट मीठ!

"आये, ह्ये मीठ कुठलं?"

म्हातारीनं मान खाली घातली. "खड्ड्यातलं वरवरचं मीच उकरून काढलं. मागच्या साली एक लेकरू गेलं. मीठ गाडल्याचं पाप ह्या लेकराला नको, म्हणून."

केसरीनाथला राग आला होता, पण तो विरला. "आये, ते लेकरू पापानं न्हाय गेलं. माझ्यानं गेलं. मी तवा हा खड्डा खणला न्हाय, म्हणून गेलं." त्यानं खड्ड्याकडं बोट केलं. "मीठ माझ्या बापाचं. पाप लागल ते मना लागू दे. पापण्या झडंस्तोवर मी उचलीन."

रंगूबाईनं आत जाऊन मिठाचं मडकं आणलं. जिव्यानं पहार घातली, म्हातारीनं स्वतःच्या हातानं मीठ ओतलं, वर दोन हंडे पाणी घातलं. झटका आत येऊ नये म्हणून केसरीनाथनं पॅनलची वायर डबीपासून सोडवली. दिवा बॅटरीवर जळत राहिला. तोवर गडगडाट डोंगरावर आला होता. सगळे आत पळाले.

आणि ती उतरली! सळईवर, सरळ. डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड, कानठळ्या, पायाखालची जमीन थरथरली. केसरीनाथनं डोळे मिटून घेतले. आता दिवा गेला, आता अंधार. पण डोळे उघडले तेव्हा दिवा जळत होता. त्या उजेडात रंगूबाईची बोटं आधी बाळाच्या गळ्याशी गेली. गळा मोकळा होता. पोर रडलं.

पाऊस ओसरल्यावर केसरीनाथ खड्ड्यापाशी जाऊन उकिडवा बसला. आभाळ फाडून आलेली एवढी मोठी वीज गेली कुठं? भट्टीतला कोळसा आणि बापाचं मीठ यांनी ती पोटात घेतली, आणि वर साधा चिखल! त्यानं हात जोडले, कुणाला ते त्यालाही कळलं नसावं.

रंगूबाई हात पुसत शेजारी येऊन बसली. खड्ड्याच्या कडेला सांडलेल्या मिठाच्या दोनचार खड्यांकडं बघत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "वर गेल्यावर एकट्यानं नको उचलू. अर्धं मी उचलीन."