मास्तरीणबाईंकडे पाय

भावनाताईंना माणसं आरपार दिसतात. भाजीच्या ठेल्यावर त्या वांगी नंतर बघतात, आधी भाजीवाल्याचा खांदा. एकदा जरीपटक्याच्या बाजारात एका कापडवाल्याला त्यांनी शांतपणे सांगितलं, "भाऊ, तुम्ही श्वास वरच्या वर घेऊन राहिले." त्याला वाटलं, भाव पाडायची ही काहीतरी नवी विद्या आहे. बिचाऱ्याने घाबरून भाव पाडला.

मी बेसाला त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहतो. ताई पिलाटिस शिकवतात. म्हणजे जमिनीवर पडायचं, श्वास सावकाश सोडायचा आणि पोटाच्या आतल्या आत जोर लावून कणा हळूहळू हलवायचा. आमच्या गल्लीत याची कोणाला फारशी कल्पना नाही. शेजारचे गणपतराव वर्षभर समजत होते की ताईंना पिलाटिस झालेलं आहे. भेटले की काळजीने विचारायचे, "आता कसं वाटते?" ताई म्हणायच्या, "बरं आहे." खोटंही नव्हतं ते.

सकाळी झाडांना पाणी घालताना ताई आदल्या रात्रीचं स्वप्न सांगतात. "काल पेंच नदी पालथी झोपली होती," एकदा त्या म्हणाल्या, "अन् मी तिच्या पाठीवरून एकेक मणका चालत होती." मी म्हटलं, "धरणापाशी अवघडली असेल." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "हो, कंबरेतच अडकली होती." त्यांची थट्टा करण्यात काही मजा नाही. केलेली थट्टा त्या उशाशी घेऊन झोपतात.

त्यांच्या धंद्यात एकदा पास झालं की सुटलो, असं नसतं. दर काही वर्षांनी नवीन काहीतरी शिकून, ते शिकवून दाखवावं लागतं, नाहीतर आधीचं प्रमाणपत्रही बाद. आमच्या पारशिवनीच्या शाळेला हा नियम लावला असता, तर मास्तरांच्या खोलीत नुसती टेबलं उरली असती. यंदा ताईंनी विषय घेतला होता म्हाताऱ्या शरीरांचा. बेसाच्या एका हॉलमध्ये संध्याकाळी वयस्क बायका त्यांच्याकडे येतात. हॉलवाल्याने सांगून ठेवलं होतं, प्रमाणपत्र चालू असेल तरच वर्ग चालू. आणि पुण्याच्या अरुंधती मॅडमनी, ज्या लॅपटॉपवरून परीक्षा घेतात, त्यांनी पहिल्या खेपेला ताईंना नापास केलं होतं. "तुमचे हातच सगळं सांगतात," त्या म्हणाल्या होत्या, "माणूस काही बोलायच्या आत तुम्ही त्याला सरळ करून टाकता." आता शेवटची संधी होती. हीही हुकली की महिनाअखेर प्रमाणपत्र गेलं, आणि प्रमाणपत्राबरोबर त्या बायकांचा वर्गही.

शिकवून दाखवायला साठीच्या पुढचं माणूस हवं होतं. ते घरातच होतं. ताईंची आई, कौसल्याबाई. जन्म पारशिवनीकडचा, म्हणून मी त्यांच्या गावचा, म्हणून माझ्यावर हक्क. धानाची रोवणी करता करता त्यांची पाठ वाकली ती पुढे शहरात येऊनही सरळ व्हायला विसरली.

एप्रिलची दुपार होती. खिडकीत कूलर गुरगुरत होता, वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला होता आणि हिरव्या पडद्यातून येणारं ऊन पाण्याखाली गेल्यासारखं दिसत होतं. लॅपटॉप माझा, म्हणून मीही दाराशी बसलो होतो. खोली लांबट. एका टोकाच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, दुसऱ्या टोकाला स्टुलावर लॅपटॉप, आणि मध्ये मॅट. मॅडमना कंबर दोन्ही बाजूंनी सारखी आहे का ते समोरून बघायचं होतं, म्हणून डोकं फोटोकडे आणि पाय लॅपटॉपकडे.

कौसल्याबाई डोक्याखाली गोधडीची घडी घेऊन, गुडघे उभे करून पडल्या. तिथवर सगळं छान. ताईंचा आवाज सुरू झाला. तो आवाज म्हणजे उन्हाळ्यातल्या माठाजवळची जागा. "बरगड्या पसरू दे... आता श्वास सोड... अन् उजवी टाच हळूहळू पुढे सरकव."

टाच सरकली. तिच्याबरोबर कौसल्याबाईही सरकल्या. पाय लांब होईपर्यंत त्या मॅटवर तिरप्या झाल्या होत्या आणि पंजा कूलरकडे पोचला होता. ताईंनी कंबरेला हात लावून त्यांना सरळ केलं. पुन्हा टाच, पुन्हा कूलर. घड्याळाचा काटा पाहावा तसा मी पाहत होतो.

"भावना," लॅपटॉपमधून मॅडम म्हणाल्या, "पेल्विस फिरतोय, सगळी कंबरच. दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय मॅडम."

"कशामुळे?"

ताईंचे हात पुन्हा आईच्या कंबरेकडे निघाले होते. ते मध्येच थांबले. ताईंच्या चेहऱ्यावर ते नदीवालं स्वप्न आलं, अडकल्या कंबरेचं. मला वाटलं, गेला वर्ग. मग त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवले.

"मला माहीत नाही मॅडम," त्या म्हणाल्या. आणि आईकडे वाकून, "आई, काहून फिरून राहिली वं?"

कौसल्याबाई छताकडे बघत म्हणाल्या, "मंग पाय कोणाकडे करू?"

"समोर."

"समोर मास्तरीण बसली हाये ना तुही."

"ते लॅपटॉप आहे वं."

"लॅपटॉपात मास्तरीणच हाये. मले पाहून राहिली."

"मग उलटी झोप."

"तिकडे बुद्ध हाये. तिकडे बाबासाहेब हाये. तुले अक्कल हाये का काही?"

मी दारातून म्हटलं, "आजी, तिरप्यात दक्षिण येते हं."

"दक्षिण-बिक्षिण आपण मानत नाही गा," त्या म्हणाल्या. "कूलरले काही वाटत नाही, म्हणून तिकडे करते." मग जरा वेळाने, आवाज खाली आणून, "रोवणीपायी शाळा सुटली माही. इतक्या वर्सानं एक मास्तरीण पाहाले बसली, अन् तिच्याकडेच पाय करू?"

कूलर गुरगुरत राहिला. लॅपटॉपच्या पडद्यावर मॅडमच्या चष्म्यात आमची हिरवी खोली इवलीशी दिसत होती. त्या नुसत्या बघत होत्या. परीक्षेत मदत करायची नसते, तेवढं मलाही माहीत होतं.

ताई उठल्या, स्टुलासमोर गुडघ्यांवर बसल्या. "मॅडम, एक विचारू? तुम्ही पण झोपता का? पाय इकडे करून?"

"मी?" मॅडम म्हणाल्या. "भावना, मग मला तुमची क्लायंट दिसणार नाही. मी मार्क कशाचे देऊ?"

"मी ऐकू येईन," ताई म्हणाल्या. "तुमचं अंग सरळ झालं का, तेवढं सांगा."

मग पुण्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला, चित्र डगमगलं, छताचा पंखा दिसला, एक मांजर दिसलं, आणि शेवटी पडद्यात दोन तळवे येऊन थांबले. स्वच्छ, गुलाबी, एका टाचेला भेग.

"आई, पाह्य."

कौसल्याबाईंनी मान उचलून पाहिलं. निरखून पाहिलं. "भेग हाये तिले बी," त्या म्हणाल्या, आणि मॅटवर सरळ पडल्या.

मग ताई बोलल्या. हात मांडीवरच होते. श्वास कुठून आत येतो, कुठे जाऊन बसतो, टाच सरकताना पोट कसं मागे राहतं, हे त्या इतक्या हळू सांगत होत्या की शब्द पाण्यातून येताहेत असं वाटत होतं. इकडे एक टाच पुढे सरकत होती, तिकडे एक. बेसाची टाच पुण्याच्या टाचेला भेटायला निघाली होती आणि कोणालाच घाई नव्हती. कौसल्याबाईंची पाठ, जी आजवर मी नेहमी कमानीसारखीच पाहिली होती, ती प्रत्येक श्वासागणिक थोडी थोडी जमिनीत उतरत होती, रोवलेलं धान चिखलात बसतं तशी. माझाही श्वास त्यांच्यात कधी मिसळला मला कळलं नाही. दाराची चौकट मऊ वाटायला लागली होती.

"आता काहीच करू नका," ताई म्हणाल्या. "नुसत्या पडून राहा."

पडद्यातले तळवे सैल होऊन दोन बाजूंना कलंडले. कौसल्याबाईंचेही कलंडले. मग शांत. इतकं शांत की ताईंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मॅडम झोपल्या असतील तर मार्क कोण देणार, हा प्रश्न आम्हा दोघांच्याही तोंडावर होता.

"मॅडम?" ताई हळूच म्हणाल्या. "उठायचं का?"

तळव्यांच्या पलीकडून, फरशीच्या खालून आल्यासारखा आवाज आला. "इतक्यात नको. माझी डावी बाजू पहिल्यांदाच खाली टेकली आहे."

ताईंनी डोळे मिटले.

कौसल्याबाई मात्र जाग्याच होत्या. पाय तसेच समोर ठेवून त्यांनी विचारलं, "पास झाली का वं पोट्टी?"

"झाली," तळवे म्हणाले.

"मंग झोपू दे आता," त्या म्हणाल्या, आणि खरंच झोपल्या. मी लॅपटॉप बंद करायला उठलो, तर ताईंनी हाताने खुणावलं, राहू दे. म्हणून तो तसाच राहिला, आणि पुण्याचे पाय बराच वेळ आमच्या खोलीत होते.