फुलीचं चाक

बिबवेवाडीतल्या सुखदेवच्या दुकानाला पाटी नाही. पत्र्याच्या शेडबाहेर तारेनं एक बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, चाक टांगलेलं आहे, तेवढ्यावर गिऱ्हाइकाला कळतं. गवत कापायची जुनी, हातानं ढकलायची यंत्रं अजून काही बंगल्यांत आहेत. त्यांची चाकं नवी मिळत नाहीत. तीस वर्षं सुखदेव ती जुन्या बाजारात, भंगाराच्या गोदामांत, बंद पडलेल्या नर्सऱ्यांच्या मागे शोधतो, गंज काढतो, आसाच्या भोकात नवा बुश बसवतो, रंगवतो. या चाकांना आतल्या कडेला दात असतात आणि त्या दातांवरच पाती फिरतात. दात गेलेलं चाक त्याच्या हाती आलं तर तो घणानं त्याचे तुकडे करतो.

तुंबा, म्हणजे चाकाचा मधला भाग, तडकलेला असेल तर मात्र तो वेगळं करतो. बीड जोडता येत नाही, असं त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. त्यानं स्वतः दोनदा वेल्डिंग करून पाहिलं. दोन्ही वेळा टाक्याशेजारी नवी चीर गेली. तेव्हापासून चीर दिसली की तो छिन्नीनं तुंब्यावर फुली मारतो आणि चाक भंगारात देतो, चुकून कुणी ते परत बसवू नये म्हणून. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर सही करतो तशी ती फुली. तिचा त्याला अभिमान होता.

मार्चमध्ये सहकारनगरचे बाळ सोमण रिक्षात यंत्र घालून आले. डावं चाक पायरीवर आपटून फुटलं होतं. उजवं चार वर्षांपूर्वी वाघोलीच्या रतननं करून दिलेलं.

"डावं असंच करा," सोमण म्हणाले. "जमणार नसेल तर आत्ताच सांगा. वाघोली लांब आहे, अशक्य नाही."

सुखदेव जमेल म्हणाला. रतनचं नाव त्यानं आधीही ऐकलं होतं. माळी सांगायचे, नर्सरीवाले सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या आवाजात एक मऊपणा यायचा, जो सुखदेवबद्दल बोलताना कधी आला नव्हता. रतनला त्यानं पाहिलं नव्हतं. पण त्याचा फोन नंबर त्याला पाठ होता. दोनदा लावून, पलीकडून आवाज यायच्या आत त्यानं तो कापला होता.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं उजवं चाक काढून सळईवर फिरवलं. ते बराच वेळ आवाज न करता फिरत राहिलं. त्यानं बोटानं थांबवलं, पुन्हा फिरवलं. कुठेतरी लबाडी असणार. रंगाखाली पुट्टी भरली असेल, तर सोमणांना दाखवता येईल. त्यानं रंग खरवडायला घेतला.

चीर होती. तुंब्यापासून आऱ्यापर्यंत, बोटभर लांब. ती पितळेनं भरली होती, इतकी साफ की नखाला लागत नव्हती. आणि चिरेशेजारी सुखदेवची स्वतःची फुली होती. एक रेघ लांब, एक आखूड, त्याच्या मनगटाची. रतननं ती घासून काढली नव्हती, तिच्यावर नुसता रंग दिला होता.

सुखदेवनं हातोडी उचलून चाकावर हलका ठोका दिला. तडकलेलं बीड भद्द बोलतं. हे घंटेसारखं वाजलं. त्यानं जरा जोरात मारलं. मग त्याहून जोरात. चौथ्या घावाला त्याच्या लक्षात आलं की आपण आता तपासत नाही आहोत.

आतून त्याची बायको सुंदराबाई आली. त्याच्या हातातल्या हातोडीकडे आणि चाकाकडे तिनं पाहिलं.

"फुटत नाही वाटतं," ती म्हणाली, आणि आत गेली.

दोन आठवडे त्यानं डाव्या चाकासाठी बाजार पालथा घातला. मार्केट यार्डात एका गाळ्यामागे ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलेलं चाक सापडलं, मापाचं होतं, पण दात झिजलेले. शेवटी त्याच्याच शेडमध्ये, भंगारात द्यायच्या ढिगात, हवं ते मिळालं. माप बरोबर, दात शाबूत, तुंब्याला चीर. फुली महिन्यापूर्वीच मारलेली.

ते पिशवीत घालून तो बसनं वाघोलीला गेला.

रतन पस्तिशीचा, पाठ किंचित वाकलेला माणूस निघाला. सुखदेव स्वतःबद्दल काही बोलला नाही. यंत्र सोमणांचं आहे, एवढंच सांगितलं. रतननं चाक उलटं केलं आणि हसला.

"ही फुली ओळखीची हाय, काका. भंगारवाल्याला सांगूनच ठेवलंय, फुलीचं चाक आलं की मला फोन कर. मारणाऱ्याची नजर पक्की हाय. फुली दिसली म्हणजे दात शाबूत, नुसती चीर. मला शोधायचं कामच राहत नाय." मग त्यानं विचारलं, "तुम्ही वळखता का त्याला?"

"ऐकून आहे," सुखदेव म्हणाला.

रतननं आधी अख्खं चाक हळूहळू तापवलं, मग चिरेत पितळ सोडलं, आणि चाक राखेत पुरून टाकलं. उद्या या म्हणाला. सुखदेवला वाटलं होतं काही औषध असेल, काही गुपित. त्यानं विचारलंच, की एवढंच का.

"एवढंच. तापवायला सगळ्यांना जमतं, काका. निवू द्यायला कुणी थांबत नाय."

दुसऱ्या दिवशी चाक घेऊन तो परतला. रस्ताभर ते मांडीवर होतं. खिडकीतून कॉलेजं, अर्ध्या इमारती, पाण्याचे टँकर मागे जात होते आणि त्याला एकच दिसत होतं: राखेचा ढीग, आणि त्या ढिगाकडे पाठ करून शांतपणे चहा पिणारा तो माणूस. तो चहा त्याला सहन होत नव्हता.

सोमणांच्या हिरवळीवर यंत्र सरळ चाललं. दोन्ही चाकं सारखी फिरत होती, गवतावर कुठे तिरका पट्टा उमटला नाही. टोकाशी जाऊन सोमण वळले.

"जुळी वाटतात," ते म्हणाले. "म्हणजे उगाच वाघोलीचं कौतुक करत होतो."

रतनचं नाव कानावर आल्यापासून त्याला हेच ऐकायचं होतं. वाक्य त्याच्या हातात आयतं आलं होतं, आणि ते हातात धरवत नव्हतं.

"डावंही रतननंच केलंय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"फुल्या मारल्या. दोन्हींवर."

सोमणांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि यंत्र पुढे ढकललं.

त्यानंतर सुखदेव हलका झाला, असं काही नाही. चीर दिसली की तो अजून फुली मारतो, तितकीच खोल. फक्त ते चाक आता भंगारात देत नाही. घरात कॉटखाली अशी सात चाकं जमली आहेत. सुंदराबाई झाडताना ती पुढे ओढते, झाडते, परत आत लोटते. एकदा तिनं विचारलं, की जोडायचं कसं ते पाहून आलात, मग जोडत का नाही.

जोडलं तर ते रतनचं काम होईल, आपलं राहणार नाही, असं त्याला म्हणायचं होतं. कॉटवर बसल्या बसल्या त्यानं पाय वर घेतले, तिला कॉटखालून झाडता यावं म्हणून.