पहिली कॉपी माझी

डेमोसाहेब कधी बसत नसत. खुर्ची पुढे केली, की तिच्या पाठीवर एक हात ठेवायचे आणि तसेच उभ्याने बोलत राहायचे. चहाही उभ्यानेच, बशीत ओतून, दोन घोटांत. पांढुर्ण्याहून सौसरला येताना एसटीत जागा रिकामी असली तरी ते दाराशी उभे असत. कुणी फारच आग्रह केला तर म्हणत, "बसलो का सुस्ती येते न जी. उभा आहो तोवर मशीन विकून राहिलो." त्यांच्याकडे पाहूनच आपल्या पायांना मुंग्या यायच्या.

खरं नाव त्यांना होतंच, पण ते फक्त बिलबुकावर. नागपूरच्या एका एजन्सीच्या झेरॉक्स मशीन ते आमच्या भागात विकत आणि भेटेल त्याला 'डेमो' देत, म्हणून डेमोसाहेब. संत्री पोचवून नागपूरहून रिकाम्या परतणाऱ्या गाडीत, तणसाच्या गादीवर, त्यांची डेमोची मशीन यायची. साहेब मागे तिच्याशेजारी उभे. गाडी खड्ड्यात आपटली की आधी मशीनला हात लावायचे, मग स्वतःच्या डोक्याला.

मला ते पहिल्यांदा भेटले ते माझ्या पोटावर पाय द्यायलाच. मी तेव्हा सौसरला तहसीलसमोर टिनाच्या शेडमध्ये टाइपरायटर घेऊन बसायचे. लोक कागद आणत, मी कार्बन लावून त्याच्या नकला टाइप करायचे, मग त्यावर मोठ्या साहेबाची सही. आमच्या घरात शेतमजुरी सोडून दुसरं काम करणारी मीच पहिली, त्यामुळे मला त्या टाइपरायटरचा भारी गर्व. आणि हा माणूस समोर उभा राहून म्हणतो, "ताई, हे काम आता संपून राहिलं. तुम्ही आधी मशीन घ्या, नाहीतर दुसरा घेईन."

"तुम्ही आधी उन्हातून बाजूला व्हा," मी म्हटलं. "माझ्या कागदावर सावली पडून राहिली."

ते बाजूला झाले, पण गेले नाहीत. त्यांची एक रीत होती. दुसरे विक्रेते कंपनीचा छापील कागद काचेवर ठेवून दाखवत. हे तसं करत नसत. ते म्हणत, "माझा कागद नाही, तुमचा कागद. घरात सगळ्यात जपून ठेवला असन तो आणा." आणि मशीन तापायच्या आत निघालेली पहिली कॉपी काळपट यायची, ती ते गिऱ्हाइकाला देत नसत. चांगली दुसरी द्यायचे आणि पहिली काळ्या रेक्झिनच्या फायलीत, प्लास्टिकच्या पाकिटात सरकवायचे. "पहिली कॉपी माझी," असं मोठ्याने म्हणून. पुढच्या गावात तीच फाइल उघडून दाखवायची. पांढुर्णा, लोधीखेडा, रामाकोना, मोहगाव, सगळीकडच्या लोकांचं जपून ठेवलेलं त्या एका फायलीत होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलं नाही, आम्हालाही नाही.

मी नेला बाबांच्या शाळेचा दाखला. माझे बाबा जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले. मोहगावच्या शाळेत ते चार वर्षं गेले होते आणि त्यांचं नाव कुणीतरी वळणदार अक्षरात लिहिलेला तेवढा एकच कागद आमच्या घरात होता. डेमोसाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला. आधी रुमालाने बोटं पुसली, कारण मशीनच्या काळ्या पावडरीने ती कायम बरबटलेली असत. कॉपी निघाली. माझ्या टाइप केलेल्या नकलेत मी नुसतं 'सही' असं लिहायचे, इथे हेडमास्तरांची सहीच उतरली होती. घडीची रेघ आली, कोपऱ्यातला हळदीचा डागसुद्धा आला. मला रडू आलं. थोडं बाबांच्या नावासाठी आणि खरं सांगायचं तर बरंचसं टाइपरायटरसाठी.

सहा महिन्यांनी मी मशीन घेतली. दुसऱ्याने घेऊ नये म्हणून घेतली. त्यांनी मला सगळं शिकवलं. पावसाळ्यात कागद ओलसर होऊन अडकतो, म्हणून लाकडी खोक्यात साठचा बल्ब लावून त्यात कागद ठेवायचा. व्होल्टेज पडलं की मशीनला शिव्या द्यायच्या नाहीत. "तिले ऐकू येते," ते अगदी गंभीरपणे सांगायचे.

मोहगावच्या एका आजोबांची गोष्ट मला विसरता येत नाही. तिथल्या डेमोला मीही साहेबांबरोबर गेले होते. शेताच्या कागदाची तिसरी कॉपी निघाली तसे ते घाबरले. "बस झालं न भाऊ. इतक्या खेपा काढल्या तर कागदावरचे अक्षरं सरून नाही जाईन?" मी तोंडाला पदर लावला. डेमोसाहेब हसले नाहीत. त्यांनी मूळ कागद आजोबांच्या हातात दिला आणि उजेडात धरून एकेक ओळ तपासायला लावली. "पाहा बाबाजी, एक अक्षर कमी असन तर मी मशीन घेऊन वापस जातो." आजोबांनी बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत तपासलं, आणि साहेब तेवढा वेळ ओणवे होऊन त्यांच्याबरोबर वाचत होते.

मग ती प्लास्टिकची भानगड झाली. साहेब सगळ्यांना सांगत, कॉपी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, खराब होणार नाही. लोकांनी ऐकलं. दोन-तीन उन्हाळे गेले आणि रामाकोन्याहून एक मास्तर तणतणत आले. पाकिटातून कागद ओढला तर कागद कोरा, अक्षरं सगळी प्लास्टिकला चिकटलेली! त्या काळ्या पावडरीचं आणि त्या प्लास्टिकचं जमतं, हे तोवर आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, चुकून झालं, सोडा." त्यांनी सोडलं नाही. भर उन्हाळ्यात ते घरोघर हिंडले. पाकिटातून कागद काढायचे, ज्याची अक्षरं गेली त्याला नवी कॉपी माझ्या मशीनवर काढून द्यायचे आणि दारातच हात जोडायचे. "गलती माझी आहे. मोठ्या भरोशानं सांगतलं होतं म्या." त्या उन्हाळ्यात मी त्यांना धड जेवतानाही पाहिलं नाही.

पुढे गल्लीगल्लीत मशीन आल्या, विकायला कुणी दारी यायची गरज उरली नाही. साहेबांचं सौसरला येणं थांबलं. पांढुर्ण्यात असतात एवढंच कानावर यायचं. मी कधी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्षं गेली, आणि याची मला आजही लाज वाटते.

गेले ते गरज पडली तेव्हाच. माझा भाऊ गेल्यावर त्याची मुलगी, माझी भाची, मीच वाढवली. ती नर्सिंग शिकली, सरकारी दवाखान्यात निवडली गेली. कागद तपासायला पंधरा दिवसांची मुदत. त्यात जातीचा पक्का दाखला हवा, आणि त्यासाठी पन्नास सालाआधीपासून आमचं घराणं याच राज्यात राहतं याचा पुरावा हवा. पुरावा एकच, बाबांचा शाळेचा दाखला. पेटी उघडली तर वाळवी. मूळ दाखला आणि त्याची कॉपी एकाच घडीत, एकाच पेटीत ठेवण्याचा शहाणपणा माझाच. सगळ्या सौसरला झेरॉक्स काढून देणारी मी, आणि माझ्याच घरी बापाच्या कागदाची एक कॉपी नाही!

मोहगावच्या शाळेत गेले. तिथले बाबू वाईट नव्हते. "जुने रजिस्टर पोत्यात बांधून आहे, बाई. नाव घातल्याचा नंबर सांगा, साल सांगा, मी काढून देतो. नुसत्या नावावर कुठं कुठं पाहू?" मला ना नंबर आठवत होता ना साल. परतताना एसटीत जागा होती, पण मला बसवेना. आणि दाराशी उभी असतानाच आठवलं: पहिली कॉपी माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढुर्ण्याला त्यांच्या घरी पोचले. सुनेने दार उघडलं. आत डेमोसाहेब खुर्चीत बसले होते. मला इतका धक्का बसला की नमस्कारही सुचला नाही. कमरेचं हाड मोडल्याला दीड वर्ष झालं होतं.

"ताई, पाहा, बसून राहिलो मी," ते म्हणाले, आणि हसायला गेले.

मी कशासाठी आले ते सांगितलं. फाइल माळ्यावर होती. सुनेने ती पुसून त्यांच्या मांडीवर ठेवली. साहेबांनी पहिल्या पाकिटातून कागद ओढला. चरचर आवाज झाला आणि कागद कोरा निघाला. दुसरा कोरा. तिसरा कोरा. "साऱ्या गावाचे काढले न मी," ते पुटपुटले, "माझीच फाइल राहिली."

मला त्यांची दया यायला हवी होती. आला संताप. पोरीची नोकरी जाणार आणि हा माणूस कोरे कागद मोजत बसलाय! मी फाइल ओढून घेतली आणि उजेडासाठी खिडकीशी नेली. पाकिटं एकेक करून उलटली. विसाव्या की बाविसाव्या पाकिटावर हात थांबला. कागद पांढरा होता, पण प्लास्टिकवर बाबांचं नाव होतं. आडनाव, घडीची रेघ, हळदीचा डाग. नंबर होता. सालही होतं. मी ते मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं.

"नुसतं वाचून नाही चालत," मागून साहेब म्हणाले. "कॉपी काढा. चला." सून नको नको म्हणत असताना त्यांनी वॉकर ओढला आणि उठले. गल्लीच्या टोकाच्या दुकानापर्यंत आम्ही अर्धा तास चालत होतो. दुकानदार खुर्ची द्यायला लागला, ती त्यांनी हाताने बाजूला सारली. पाकीट स्वतः काचेवर पालथं ठेवलं, वर कोरा कागद ठेवला, झाकण दाबून धरलं. कॉपी निघाली, थोडी काळपट. बाबांचं सगळं तिच्यावर होतं. दुसरी काढायला मी दुकानदाराला सांगणार, तोच साहेबांनी ती माझ्या हातात दिली.

"ताई," ते म्हणाले, "पहिली कॉपी तुमची."

त्या नंबरावर बाबूंनी रजिस्टर काढून दिलं. भाची आता छिंदवाड्याला नोकरी करते. पेढे घेऊन आम्ही दोघी पांढुर्ण्याला गेलो, तेव्हा साहेबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. सुनेने ती काळी फाइल माझ्यापुढे ठेवली. "बाबांनी तुमच्यासाठी ठेवली. म्हणे, ताईले समजते काय करायचं ते."

समजायचं काय त्यात! मी प्रत्येक पाकिटाची कॉपी काढली आणि आता ज्याची त्याला देत हिंडते. पासष्टीला आलेल्या बाईने गावोगाव हिंडावं हे भाचीला आवडत नाही. काल मोहगावला त्या आजोबांच्या नातवाकडे गेले होते. त्याने कागद उजेडात धरून बोट ठेवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग धावत जाऊन खुर्ची आणली. अजून एकतीस कागद द्यायचे आहेत. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि चहा उभ्यानेच घेतला.