साडेसहा फुटांची वाट

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, एका रविवारी, दिवसभर प्रात्यक्षिक आहे असे मी घरी सांगितले. ते खोटे नव्हते. प्रात्यक्षिक भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नसून पनवेलमध्ये होते आणि त्यात भिंतींवरून उड्या मारायच्या होत्या, एवढाच तपशील मी वगळला.

आम्ही तिघे होतो: मी, माझ्या वर्गातली एक मैत्रीण आणि अभियांत्रिकीला असणारा एक लांबलचक मित्र. वाटेत येणारी भिंत, कठडा, जिना न टाळता अंगाच्या बळावर ओलांडत जाण्याच्या खेळाला पार्कोर म्हणतात, हे आम्हांला संगणकावरच्या चित्रफितींतून कळले होते. पुण्यात मात्र आमच्या भागातले सगळे रखवालदार आम्हांला आमच्या वडिलांच्या नावाने ओळखत. म्हणून पनवेल. मुंबईला जाताना एसटी दहा मिनिटे थांबते ते गाव, एवढीच आमची त्याच्याशी ओळख होती, आणि त्या गावाची आमच्याशी तेवढीही नव्हती.

माझ्या पिशवीत खडू, मोजायची पोलादी फीत आणि एक नोंदवही होती. सहा महिने मी प्रत्येक उडीचे अंतर त्या वहीत लिहीत आले होते. सपाट जमिनीवर, दोन खडूरेघांच्या मध्ये, मी सहा फूट आठ इंच दर वेळी पार करीत असे. भिंतीवर मात्र मी स्वतःला सहा फुटांची मर्यादा घालून घेतली होती, आणि त्या मर्यादेच्या आतली उडीसुद्धा एकदाही मारली नव्हती. कधी कड ओली असे, कधी वारा असे, कधी मापात शंका असे. एसटी घाट उतरत असताना मैत्रीण म्हणाली, "तुझी वही म्हणजे न मारलेल्या उड्यांची यादी आहे."

हा संशय मलाही होता. मला संशोधक व्हायचे होते. माझा काटेकोरपणा ही शिस्त आहे, की भीतीच्याच अंगावर मी प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवला आहे? आज उडी झाली नाही, तर हा खेळ सोडायचा आणि स्वतःबद्दलचे एक वाईट अनुमान मान्य करायचे, असे मी ठरवले होते.

नवीन पनवेलच्या एका सेक्टरात सकाळ गेली. मित्राने दोन जिने आणि एक कठडा पार केला. तिसऱ्या इमारतीच्या रखवालदाराने आम्हां तिघांनाही फाटकापार केले. चालत चालत आम्ही सेक्टर संपतो तिथल्या एका जुन्या गावात शिरलो. तिथे दोन घरांच्या छातीइतक्या उंच आवारभिंती समोरासमोर उभ्या होत्या आणि मधून चिखलाची वाट गेली होती. भिंतींचे माथे कोरडे, रुंद आणि अगदी एका पातळीत होते. मला न उडण्याचे कारण सापडेना.

फितीचे शून्याचे टोक मी धरले. पलीकडच्या भिंतीवर बसून मैत्रिणीने आकडा वाचला. "पाच फूट दहा इंच." मित्राने दोन्ही कडांवर खडूने खुणा केल्या.

इथे आमचे अज्ञान आडवे आले. ज्या भागात शेते आणि मिठागरे जाऊन सेक्टर उभे राहिले, तिथे फीत आणि खडू घेऊन कोणी भिंतीशी उभे राहिले की जमिनीची सरकारी मोजणी आली असे समजून घराघरांतून माणसे बाहेर येतात. अलीकडच्या घरातून एक बाई आल्या, हातात निवडायला घेतलेल्या सुक्या जवळ्याचे सूप. त्यांनी पलीकडच्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात आम्हांला विचारले, "मोजणी कोनी बोलावली गो?"

पलीकडून दुसऱ्या बाई आल्या. त्यांनी उत्तर दिले तेही आम्हांलाच. "तिला सांगा, मी कनाला बोलवू?"

दोघी सख्ख्या जावा होत्या हे आम्हांला पुढच्या पाच मिनिटांत कळले. वाटणीनंतर त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. निरोप शेजाऱ्यांमार्फत जात. त्या दिवशी शेजारी आम्ही होतो. मित्राने दोघींना आळीपाळीने सांगितले की आम्ही सरकारी नाही, फक्त या भिंतीवरून त्या भिंतीवर उडी मारणार आहोत. थोरल्या बाईंनी सूप खाली ठेवले.

"आमची बोकडं रोज उड्या मारतात. त्यांना टेप नाय लागत."

मैत्रीण इतकी हसली की भिंतीवरून खाली उतरली. थोरल्या बाईंचा निकाल मात्र पुढे होता: टेप जिच्या पिशवीतला, तिने उडी मारून दाखवायची, नाही तर आम्ही मोजणीवालेच. मला पर्यायांची यादी करण्याची सवय आहे. तेव्हा ती यादी रिकामी होती. मी भिंतीवर चढले, पाच फूट दहा इंच हा आकडा एकदा मनात म्हटला, हात मागे नेले आणि उडाले. टाचा हवेत राहिल्या, चवडे कडेवर बसले, आणि बसल्यावर तिथेच राहिले.

"साडेसहा फूट गेली गो पोर," धाकट्या बाई म्हणाल्या.

मी नम्रपणे दुरुस्ती केली, की पाच फूट दहा इंच. त्यावर दोघी जावा एकाच वेळी माझ्यावर तुटून पडल्या. साडेसहा म्हणजे साडेसहा. पंचांनी दोरी धरून सोडलेली वाट आहे. दोघींचे एकमत असलेली ती बहुधा एकमेव गोष्ट होती. मी मैत्रिणीकडे पाहिले. ती फीत गुंडाळण्यात फार मग्न झाली होती.

"खरा आकडा सांगितला असता, तर मारली असतीस?" तिने वर न पाहता विचारले.

नसती मारली. हे मला इतके स्पष्ट ठाऊक होते की मी रागावूही शकले नाही. पण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत, आणि ज्या निरीक्षणात आकडाच खोटा होता, त्याची किंमत शून्य. मी वळले. आता मधे साडेसहा फूट होते, मला माहीत असलेले. कडेवरची खडूची खूण पाहिली. हात मागे नेले. मग परत उडाले. या वेळी एक चवडा घसरला, गुडघा विटेवर सोलला, दोन्ही हातांनी कड धरावी लागली. पण खाली चिखल होता आणि मी वर होते.

थोरल्या बाईंनी गुडघ्याला हळद लावली आणि त्यांना आणखी एक गोष्ट सुचली. टेप आलाच हाय, तर वाट पण मोजा. इतक्या वर्षांत कोणी मोजली नाय.

या वेळी आकडा वाचायचे टोक मी घेतले. दोघी जावा आपापल्या भिंतीशी उभ्या राहिल्या. मी वाकून पाहिले: सहा फूट चार इंच. धाकटीकडच्या भिंतीला नव्या गिलाव्याचा जाड थर होता. दोन इंच तिथे होते, शेंबड्या पोरालाही दिसावेत असे. मैत्रिणीने पलीकडून माझ्याकडे पाहिले. मोजमापात मी काय वाचते, याची तिच्याइतकी उत्सुकता कोणालाच नसावी.

"साडेसहा," मी म्हटले. "बरोबर."

"सांगत होते ना," थोरल्या बाई म्हणाल्या. हे त्या थेट जावेला म्हणाल्या.

एसटीत मी नोंदवही उघडली आणि अंतराच्या रकान्यात साडेसहा फूट लिहिले. मैत्रीण खांद्यावरून वाकून वाचत होती. त्यातले दोन इंच माझ्याही पदरात पडत होते, हे तिच्या लक्षात आले होते.